ज्ञानेश्वरीचे संशोधक श्रीएकनाथ

आमच्या फर्दापुराहून अजिंठ्याचीं लेणीं चार-पांच किलोमीटरांवर आहेत. तेथील भित्तिचित्रें पाहून आलेला विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो कीं, हीं चित्रें काढिलीं कोणीं? सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें करविलें, हें शिलालेखावरून कळतें. पण कुंचला धरणारे हात कोणाचे, हें कळत नाहीं. ग्रंथांच्या बाबतींत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. पोथीची नक्कल होते, नकलेची पुन्हां नक्कल होते; एका लेखकाच्या हातून शब्द गळतो, दुसऱ्याच्या हातून तो बदलतो, आणि तिसरा भक्तीच्या भरांत आपली एखादी ओवीच घालून मोकळा होतो. मग मूळ कर्त्याचे शब्द कोणते, हें ओळखावें कसें? आमच्याच जिल्ह्यांत, गोदावरीच्या तीरीं, सुमारें चारशें चाळीस वर्षांपूर्वीं एका थोर पुरुषानें हें काम हातीं घेतलें. त्याचेंच चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

एकनाथांचा जन्म पैठण येथें झाला. जन्मसालाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, पुष्कळजण इ. स. १५३३ हें साल धरतात. विजयनगराहून विठ्ठलाची मूर्ति पंढरपुरास परत आणिली असें ज्यांच्याविषयीं सांगतात, ते भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी हीं दोघेंही लवकर निवर्तल्यामुळें आजोबा चक्रपाणी यांनीं या नातवाचा सांभाळ केला. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास एकनाथ घर सोडून देवगिरीस गेले, अशी परंपरा आहे. तेथील किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरींत असलेले जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरु झाले.

या गुरुगृहींची एक गोष्ट सर्वपरिचित आहे. स्वामींनीं हिशेब तपासण्याचें काम एकनाथांकडे सोंपविलें होतें. एकदां एका पैचा मेळ बसेना. एकनाथ दिव्यापाशीं बसले, तों रात्र सरत आली तरी उठले नाहींत; आणि चूक सांपडतांच आनंदानें त्यांनीं टाळी वाजविली. गोष्ट अक्षरशः घडली किंवा नाहीं, हा वाद आम्ही करीत नाहीं. परंतु पुढें ज्ञानेश्वरीवर त्यांनीं जें काम केलें, त्याला हाच स्वभाव लागतो, हें मात्र निश्चित.

गुरूंच्या आज्ञेनें तीर्थाटन करून ते पैठणास परतले व गिरिजाबाईंशीं विवाह करून गृहस्थाश्रमी झाले. त्यांना गोदा व गंगा या दोन कन्या आणि हरिपंडित हा पुत्र. प्रसिद्ध कवि मुक्तेश्वर हे त्यांच्या कन्येचे चिरंजीव. शके १४९३ मध्यें रुक्मिणीस्वयंवर, आणि शके १४९५ मध्यें, म्हणजे इ. स. १५७३ सालीं, काशी येथें भागवताच्या एकादश स्कंधावरील विस्तृत टीका त्यांनीं पूर्ण केली. सामान्य जनांसाठीं त्यांनीं भारुडें रचिलीं. वाळवंटांत तापलेल्या वाळूवर रडणारें अस्पृश्याचें पोर त्यांनीं कडेवर घेऊन घरीं पोंचविलें, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जात आहे. पैठणासारख्या कर्मठ नगरींत असें वागण्याचें मोल काय पडलें असेल, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

ज्ञानेश्वरी नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, सिद्ध झाली. तिच्यांत सुमारें नऊ हजार ओव्या आहेत. एकनाथांच्या काळापर्यंत जवळ जवळ तीनशें वर्षें लोटलीं होतीं, आणि पोथ्यापोथ्यांत पाठ भिन्न झाले होते. परंपरा असें सांगते कीं, ज्ञानेश्वरांनीं स्वप्नांत येऊन आपल्या कंठास अजानवृक्षाची मुळी लागल्याचें एकनाथांस सांगितलें, आणि त्यांनीं आळंदीस जाऊन ती दूर केली. ही कथा कोणी कशीही घेवो. कंठ मोकळा करणें म्हणजे वाणी शुद्ध करणें, हा तिचा अर्थ उघड आहे. शके १५०६ मध्यें, तारण संवत्सरीं, भाद्रपदांतील कपिलाषष्ठीस हें शोधन पुरें झालें; तें साल इ. स. १५८४ होय. शेवटीं त्यांनीं स्वतःच्या थोड्या ओव्या जोडिल्या. ग्रंथ मूळचा शुद्धच होता, पाठांतरांनीं तो अशुद्ध झाला, असें त्यांत सांगून, यांत आपली ओवी घालणें म्हणजे अमृताच्या ताटांत करवंटी ठेवणें होय, अशी ताकीद त्यांनीं दिली आहे. स्वतः ओवीचे सिद्धहस्त कवि असतां त्यांनीं आपली भर ग्रंथाबाहेर, आपल्या नांवानें ठेविली, हा त्यांचा मोठाच संयम समजला पाहिजे.

ग्रंथकर्त्याचा शोध पुढें निराळ्या मार्गांनींही होऊं लागला. आमच्याच देशांत, मदुरा येथें, १८०६ सालीं जन्मलेले गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनीं १८५१ सालच्या एका पत्रांत अशी कल्पना मांडली कीं, शब्दांची सरासरी लांबी मोजून पौलाच्या नांवावर असलेलीं पत्रें एकाच हातचीं आहेत कीं नाहींत, हें पाहतां येईल. १९६४ सालीं मॉस्टेलर व वॉलेस या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनीं क्षुल्लक वाटणाऱ्या अव्ययांची मोजदाद करून, फेडरलिस्ट नामक निबंधांपैकीं बारा वादग्रस्त निबंध मॅडिसन यांचे असल्याचा निर्वाळा दिला. मोठे शब्द विषयाप्रमाणें बदलतात. लहान शब्द मात्र लेखक नकळत, संवयीनें वापरतो, हें यामागील तत्त्व. महाराष्ट्रांतही भारद्वाज या नांवानें शिवराम एकनाथ भारदे यांनीं १८९८ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रांत, ज्ञानेश्वरीचे ज्ञानदेव व अभंगांचे ज्ञानदेव हे दोन भिन्न पुरुष होते, असा वाद भाषेच्याच आधारानें उभा केला. तो सर्वांस मान्य झाला नाहीं, तरी प्रश्न विचारण्याची रीत त्यानें शिकविली.

येथें नाथांच्या कार्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. नकलकार बदलतो तीं रूपें बहुतेक लहान शब्दांचीं व प्रत्ययांचींच असतात. आणि मोजणाऱ्यास नेमकीं तींच हवीं असतात. नाथांनीं कोणत्या पोथ्या पाहिल्या व कोणते पाठ टाकिले, याची नोंद आपल्या हातीं आलेली नाहीं. १९०९ सालीं वि. का. राजवाडे यांनीं एक जुनी पोथी छापिली. ती नाथपूर्वकालीन आहे असें त्यांचें मत होतें, आणि तिची भाषा अधिक जुन्या वळणाची आहे. म्हणून अभ्यासकांस दोन्ही पाठ शेजारीं ठेवावे लागतात. पण नाथांनीं गाळलेली प्रत्येक गोष्ट आज परत मिळणार नाहीं. शोधन करणाऱ्यानें टाकिलेला पाठही समासांत लिहून ठेवावा, हा धडा यांतून मिळतो.

नाथांचा शेवटचा मोठा ग्रंथ भावार्थरामायण. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत तो त्यांचा, आणि पुढील भाग त्यांचा शिष्य गावबा याचा, असें परंपरा सांगते. ज्यानें दुसऱ्याच्या ग्रंथांतील परके शब्द वेंचून काढिले, त्याच्याच ग्रंथांत दुसरा हात कोठें सुरू होतो हें आज अभ्यासक शोधीत आहेत. इ. स. १५९९ मध्यें फाल्गुन वद्य षष्ठीस पैठण येथें नाथांनीं देह ठेविला. त्या तिथीस अजूनही तेथें मोठी यात्रा भरते.

आमच्या विद्यार्थ्यांनीं वहींत दुसऱ्याचें वचन उतरून घेतांना नाथांची ती ताकीद आठवावी. दुसऱ्याचें असेल तें जसेंच्या तसें लिहावें, आपलें असेल तें आपल्या नांवानें निराळें लिहावें, आणि एका पैचीही चूक राहिली असेल तर दिवा मालवूं नये.