निकोलाय वाव्हिलोव
निकोलाय इव्हानोविच वाव्हिलोव (२५ नोव्हेंबर, १८८७ - २६ जानेवारी, १९४३) हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व आनुवंशिकीतज्ज्ञ होते. राय हे धान्य मुळात गव्हातले तण. माणसाच्या पेरणी-मळणीत नकळत निवड होत होत ते पीक बनले, असे त्यांनी मांडले. निवडीने पिकांतील आनुवंशिक वैविध्य आटते, म्हणून गावरान व रानटी वाणांचे बियाणे त्यांनी देशोदेशींहून लेनिनग्राडला जमवले. आनुवंशिकी नाकारणाऱ्या लायसेंकोचे राजकीय वजन वाढले आणि १९४० साली वाव्हिलोवांना अटक झाली. पुढे लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांचे काही सहकारी भुकेने दगावले. बियाण्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. स्वतः वाव्हिलोव सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मरण पावले. १९५५ साली त्यांना निर्दोष ठरवण्यात आले.