मणिभाई देसाई : गोठ्यापर्यंत विज्ञान नेणारा माणूस

आज डिचोली, पेडणे किंवा पलीकडे दोडामार्गात गाय माजावर आली की शेतकरी डॉक्टरला फोन लावतो. डॉक्टर थंड नळकांडं घेऊन थेट गोठ्यात येतो. या 'दारात सेवे'चा देशभर प्रसार करण्यात मणिभाई देसाईंचा वाटा मोठा आहे.

मणिभाई मूळचे गुजरातचे. २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी त्यांचा जन्म झाला. १९४२ च्या चळवळीत ते उतरले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आले, निसर्गोपचाराचं काम सुरू केलं आणि ते पुढे मणिभाईंवर सोपवलं. मणिभाई तिथलेच झाले. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही.

उरुळीचा भाग कमी पावसाचा. नुसत्या पिकावर अल्पभूधारकाचं भागत नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं. पीक बुडालं तरी दूध रोज पैसा देतं. आधी त्यांनी गीर गायींचा कळप वाढवला. १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था काढली. होल्स्टिन, जर्सी वळूंचं गोठवलेलं वीर्य वापरून गावठी गायींपासून संकरित कालवडी तयार करण्याचं काम तिने हाती घेतलं.

खरी अडचण वेळेची होती. गायीचा माज जेमतेम दिवसभर टिकतो. दूरच्या दवाखान्यात गाय चालवत नेईपर्यंत वेळ निघून जायची, आणि भाकड गाय पुन्हा तीन आठवडे नुसती पोसावी लागायची. म्हणून बाएफने माणूसच गोठ्यावर पाठवला. चाऱ्यासाठी सुबाभूळ लावायला सांगितलं. १९८२ मध्ये दक्षिण गुजरातच्या वांसदा भागात आदिवासींसाठी फळझाडांच्या वाडीचं काम सुरू झालं. त्याच वर्षी मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पद्मश्री १९६८ मध्येच मिळाली होती. १९९३ मध्ये ते गेले.

संकराची दुसरी बाजूही आहे. संकरित गायीला चारा, पाणी, सावली जास्त लागते. उन्हात ती लवकर दमते. तिचे बैल नांगराला कमी पडतात. गोव्याची पांढरीशुभ्र श्वेतकपिला कमी चाऱ्यावर, दमट हवेत टिकते. आता तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली आहे. एप्रिल-मेमध्ये वैरण विकत घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

जात कुठली, हे ज्याच्या त्याच्या गोठ्याने ठरवावं. सेवा मात्र दारातच हवी.