पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे घरोघरी आनंदाबरोबर एक चिंताही प्रवेश करते. मुलाने वा मुलीने उत्तम गुण मिळविले, गुरुजनांनी पाठ थोपटली, शेजारीपाजारी पेढे वाटून झाले; परंतु महाविद्यालयाची फी, पुस्तके, राहण्याजेवणाची सोय यांचा खर्च कोठून आणावयाचा, हा प्रश्न रात्री आईबापांची झोप उडवितो. अशा वेळी गुणवत्तेवर मिळणारी राज्याची शिष्यवृत्ती हा मोठाच आधार होय. हा आधार कसा मिळतो, किती पुरतो, कोठे अपुरा पडतो आणि ज्यास तो मिळाला त्याने पुढे त्याची फेड कशी करावी, या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच चरित्रात पाहावयाची असतील तर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेकडे वळावे. भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. येथे त्या थोर कार्याचा विस्तार न करता, ते ज्या पायावर उभे राहिले त्या शिक्षणाची कथा तेवढी सांगावयाची आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातील शाळेत शिक्षक होते व विद्येविषयी त्यांच्या ठायी अपार आस्था होती. निवृत्तीनंतर कुटुंब काही वर्षे सातारा येथे राहिले. तेथील शाळेत या बालकास वर्गात इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी शिपायाने नळ उघडून दिल्यावाचून पाणी पिता येत नसे. १९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले व परळ येथील चाळीतील एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोपणे, पाहुणे व अभ्यास, सारे त्या एकाच खोलीत. गजबज निवल्यावर मुलास अभ्यास करता यावा म्हणून सुभेदार स्वतः उशिरापर्यंत जागत आणि पहाटे दोन वाजता त्यास उठवून मग आपण अंग टाकीत. मुलाने पुस्तक मागितले आणि गाठीस पैसा नसला, तर ते आपल्या विवाहित कन्येकडे जात, तिचा एखादा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले म्हणजे तो सोडवून देत. थोरले बंधू आनंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. दोन्ही मुलांस शिकविणे त्या घरास झेपणारे नव्हते, म्हणून एकाने मागे राहून दुसऱ्यास पुढे जाऊ दिले. भीमरावांच्या विद्येचे पहिले मानकरी हे असे घरातच होते.

एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते १९०७ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. साडेसातशेपैकी त्यांना २८२ गुण मिळाले होते. आजच्या गुणपत्रिका पाहणाऱ्यास हा आकडा लहान वाटेल. परंतु ज्या परिस्थितीत ते मिळविले गेले ती पाहता तत्कालीन मंडळींना त्याचे मोल बरोबर उमगले होते. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ते दार बंद झाल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली होती. या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. गुरुजी त्या वेळी विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत सायंकाळी एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी पूर्वीच हेरला होता व त्यास पुस्तके देऊन वाचनाची दिशाही दाखविली होती.

पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश झाला व भीमराव इंटरची परीक्षाही उत्तीर्ण झाले. परंतु तोवर सुभेदारांची सारी पुंजी संपली. शिक्षण येथेच थांबणार असे दिसू लागले. या प्रसंगी केळुसकर गुरुजी पुढे सरसावले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अस्पृश्य समाजातील लायक विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याचा मनोदय मुंबईतील एका सभेत प्रकट केला होता. गुरुजींनी त्याची आठवण देऊन या विद्यार्थ्यास महाराजांच्या भेटीस नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून १८७५ साली दत्तक गेलेले होते व लिहिणेवाचणे दत्तविधानानंतर शिकले होते. आपल्या राज्यात १९०६ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. विद्येवाचून मनुष्य कोठे अडतो हे त्यांस अनुभवाने ठाऊक होते. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. राजाचा हेतू उदार असून भागत नाही व विद्यार्थी गुणी असूनही भागत नाही. त्या दोघांची गाठ घालून देणारा कोणी लागतो. हे काम एका शाळामास्तरांनी केले. त्यांची स्वतःची तिजोरी नव्हती. पण कोठे साहाय्य मिळू शकते याची माहिती त्यांनी ठेवली, वेळेवर शब्द टाकला व विद्यार्थ्यासोबत स्वतः गेले.

पंचवीस रुपयांनी चैन होणार नव्हती, परंतु महाविद्यालयाचे दार मात्र उघडे राहिले. प्राध्यापक म्युलर हे या विद्यार्थ्यास पुस्तके व कपडेही देत. उलट महाविद्यालयातील उपाहारगृहाचा चालक त्यास चहा वा पाणी देत नसे. फीची व्यवस्था झाली म्हणजे विद्यार्थ्याचे सारेच प्रश्न सुटतात असे नव्हे, याची ही पहिली खूण होती. इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन १९१२ साली ते बी. ए. झाले.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदे राज्याच्या नोकरीत रुजू झाले. परंतु थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली व ते मुंबईस परतले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी देह ठेवला. पहाटे दोन वाजता उठविणारा हात नाहीसा झाला. पुढे काय करावे या विवंचनेत असताना महाराज काही विद्यार्थ्यांस अमेरिकेस पाठविणार असल्याचे कळले. निवड झाली व ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर स्वाक्षरी झाली. तीन वर्षेपर्यंत दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे राज्याची सेवा करावयाची होती. शिष्यवृत्ती ही राज्याची गुंतवणूक असते व तिला अटी असतात, ही गोष्ट त्या करारात स्पष्ट होती.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे कोणी कोणास जात विचारीत नव्हते. एका मेजावर जेवण, एका ग्रंथालयात वाचन. प्रारंभी काही दिवस या मोकळेपणाने ते हरखून गेले. परंतु लौकरच त्यांनी मनास आवर घातला. मिळणाऱ्या पैशांतून घरीही रक्कम पाठवावी लागे, कारण पत्नी रमाबाई व कुटुंबीय मुंबईस हलाखीत दिवस काढीत होते. म्हणून स्वतःचे जेवणखाण बेताचे. जे काही उरे ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाई. दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास चाले. १९१५ साली ते एम. ए. झाले, ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला व त्याच वर्षी डॉक्टरेटसाठीचा प्रबंधही पूर्ण केला. सेलिग्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे लंडन येथे अर्थशास्त्र व कायदा या दोन्ही अभ्यासांस त्यांनी आरंभ केला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ साली त्यांना परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते टॉर्पेडोच्या माऱ्याने बुडाले व त्यासोबत पोटास चिमटा घेऊन जमविलेली कितीतरी पुस्तके समुद्रार्पण झाली.

कराराप्रमाणे ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास सेवेसाठी गेले. त्यांना स्थानकावर उतरून घ्यावे अशी महाराजांची आज्ञा होती. परंतु कोणीही आले नाही. राज्याच्या लष्करी सचिवाचे पद त्यांना मिळाले, पण कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत व पिण्याचे पाणीही तेथे मिळत नसे. शहरात राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहात पारशी नाव धारण करून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी हातात लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला व त्याने जागा सोडण्याचे फर्मावले. दोन स्नेह्यांकडे विचारणा केली. दोघांनीही सबबी सांगितल्या. कोलंबिया विद्यापीठाचा हा पदवीधर रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत एका झाडाखाली बसून राहिला व नंतर मुंबईस परतला.

या प्रसंगाचा विचार आपण सर्वांनी शांतपणे करावयास हवा. राज्याने या विद्यार्थ्यावर वर्षानुवर्षे द्रव्य खर्च केले होते. दहा वर्षे सेवा करण्यास तो आपल्या पायांनी आलेला होता. करार मोडला तो त्याच्या बेपर्वाईने नव्हे, तर एका शहरात एक खोली मिळाली नाही म्हणून. महाराजांस तिजोरी उघडता आली. नागरिकांच्या घरांची दारे मात्र त्यांस उघडता आली नाहीत. शिष्यवृत्ती सरकार देईल, परंतु खोली, पाण्याचा पेला व पंगतीतील पान हे समाजानेच द्यावयाचे असते. ते न मिळाल्यास सरकारी द्रव्यही वाया जाते आणि माणूसही दुरावतो.

यानंतरचे शिक्षण बाबासाहेबांनी स्वकष्टाने पूर्ण केले. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा साडेचारशे रुपयांवर ते प्राध्यापक झाले. या वेतनातून काटकसरीने शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने व स्नेही नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेऊन, १९२० साली ते पुनः लंडनला गेले. तेथे दुपारचे जेवण टाळून, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते वाचीत बसत. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर व १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. अशी ही चढण त्यांनी पार केली. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच्याच आधारे १९२७ साली कोलंबियाची डॉक्टरेट त्यांना रीतसर मिळाली. तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांस, आपल्या शिक्षणास केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून, अर्पण केला आहे. ज्या शहराने त्यांना हाकलले त्याचाच राजा हा होता. तरी शहराचा दोष त्यांनी दात्याच्या माथी मारला नाही.

परंतु खरी परतफेड पुढेच झाली. १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ च्या जानेवारीत सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडण्यात आले. स्वतःस खोली नाकारली गेलेल्या माणसाने प्रथम इतरांच्या खोलीची सोय पाहिली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९४२ साली ते व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाची मागणी त्यांनी सरकारपुढे मांडली. तिचे फळ म्हणून दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. तीच योजना पुढे विस्तारत जाऊन आजही चालू आहे. परदेशी शिक्षणासाठीही विद्यार्थी पाठविण्यात आले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय अशा संस्था त्यांनी उभ्या केल्या. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी राज्याने घ्यावी, हे तत्त्व घटनेच्या ४६ व्या कलमात अंतर्भूत झाले. एका राज्याच्या इच्छेने एका विद्यार्थ्यास मिळालेले साहाय्य त्यांनी असे सर्वांच्या हक्काच्या वाटेवर आणून सोडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे दिल्ली येथे महापरिनिर्वाण झाले.

ज्ञातिसंस्थेच्या अंकात हे चरित्र का द्यावे, असे कोणास वाटेल. त्याचे कारण सरळ आहे. आपल्या कुटुंबांतील मुले प्रतिवर्षी शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करतात व अनेकांना त्या मिळतात. ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी घरातील आनंदरावांना व रमाबाईंना विसरू नये, आणि आपल्या मागून येणाऱ्या निदान एकास तरी अर्ज, मुदत व कागदपत्रे यांची माहिती देऊन केळुसकर गुरुजींचे काम करावे. ज्यांच्या घरी शिकणारी मुले नाहीत, परंतु शहरात भाड्याने द्यावयाची एखादी खोली आहे, त्यांनी परगावच्या विद्यार्थ्यास आडनावावरून जोखण्याची सवय अजून आपल्यात कितपत उरली आहे याचा विचार करावा. आपल्या ज्ञातीचा अभिमान बाळगणे वेगळे आणि दुसऱ्याच्या मुलास दार लावून घेणे वेगळे. हा भेद आपण जितका पाळू तितके आपल्या संस्थेचे शिक्षणकार्य खऱ्या अर्थाने फलद्रूप होईल.