दयाळू दर्यावर्दी लापेरूझ

फ्रान्समधील आल्बी शहराजवळ इ. स. १७४१ मध्यें लापेरूझ याचा जन्म झाला. लहानपणींच तो आरमारांत शिरला. १७८२ मध्यें हडसन उपसागरावरील इंग्रजांचीं ठाणीं त्यानें जिंकलीं. परंतु अरण्यांत पळालेले शत्रू हिंवाळ्यांत उपाशी मरूं नयेत म्हणून त्यांच्यासाठीं अन्न व शस्त्रें मागें ठेविलीं.

१७८५ च्या आगस्टांत सोळाव्या लुई राजानें त्यास ‘बूसोल’ व ‘आस्त्रोलाब’ हीं दोन जहाजें देऊन नव्या प्रदेशांच्या शोधार्थ धाडिलें. बूसोल म्हणजे होकायंत्र. त्या जहाजावर तो स्वतः असे. १७८६ मध्यें अलास्काच्या किनाऱ्यावर होड्या बुडून २१ सोबती गेले. पुढील वर्षीं सामोआ बेटांत पाणी भरावयास गेलेला त्याचा जिवलग मित्र दे लांगल व ११ जण मारले गेले. खलाशी सूडासाठीं खवळले. तथापि जहाजाभोंवतीं जमलेल्या निरपराध बेटवासीयांस त्यानें मारूं दिलें नाहीं.

मार्च १७८८ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बे येथून निघालेलीं जहाजें परतलीं नाहींत. १८२७ मध्यें कलकत्त्याहून गेलेल्या पीटर डिलन यास व्हानिकोरो बेटावर त्यांचे अवशेष मिळाले. समुद्रतळच्या बूसोलची ओळख २००५ मध्यें पटली.

बालमित्रहो, जहाजें खडकावर फुटलीं. परंतु वैऱ्यांवर केलेली दया बुडाली नाहीं.