पेशींच्या मागावर : डॉ. कमल रणदिवे



विज्ञानाच्या पुस्तकातला पेशींचा धडा आठवतोय? मी पुढे इंजिनिअरिंगला गेले आणि तो मागे पडला. ज्यांनी पेशींचा पिच्छा कधीच सोडला नाही, अशा एका मराठी बाईंविषयी लिहिते.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा. तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले आणि १९३९ मध्ये लग्न केले ते गणितज्ञ रणदिव्यांशी. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये नोकरी करत, डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शरीराबाहेर पेशी वाढवायला शिकल्या. परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली.

याचे मोल मोठे. रोज त्रास झाला की पेशी आधी जुळवून घेते. तंबाखूने हिरडीचा थर जाड होतो, पांढरा चट्टा पडतो. त्रास चालूच राहिला तर एखादी पेशी थांबायचेच विसरते. निरोगी पेशी ऑक्सिजनच्या मदतीने साखरेतून पुरेपूर ऊर्जा काढते. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी ऑक्सिजन असूनही भराभर साखर संपवतात आणि वाढत सुटतात. हे बदल जिवंत पेशीत पाहायचे, तर ती प्रयोगशाळेत जगवावी लागते.

स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत कमलताई होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. अकोले तालुक्यातल्या राजूर भागात आदिवासी मुलांच्या पोषणावरही त्यांनी काम केले. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या.

आपल्या पलूस भागात मशेरी लावणाऱ्या आज्या, मावश्या घरोघरी आहेत. संमेलनाहून घरी गेलात की एकदा त्यांना तोंड उघडायला सांगा. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवा. कमलताईंची आठवण ठेवायची, तर एवढे आपण नक्की करू शकतो.