तुटलेल्या घरातली स्तुती
आजचा भाग : प्रेषितांची कृत्ये १६:२५

प्रियांनो, पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गायले. आपले रेव्ह. नारायण वामन टिळकही तसेच!

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा कित्येक वर्षं दुरावले. नातेवाईक गेले, पण लहानपणापासूनचे अभंग-ओव्या गेल्या नाहीत. त्याच चालींत टिळकांनी प्रभूची स्तुती लिहिली. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक प्रभूकडे गेले. आज वाशिमच्या उपासनेत आपण त्यांचीच गीतं गातो.

सगळं नीट झाल्यावर स्तुती करू, असं म्हणत थांबू नका. जे हाती उरलंय, त्यातूनच आज गा. आमेन.