पुस्तकांची फिरती पेटी



मालेगाव म्हटले की तुम्हांला आपल्या वाशीम जिल्ह्यातील मालेगाव आठवते. पण आपल्या राज्यात आणखी एक मालेगाव आहे. ते नाशिक जिल्ह्यात आहे. त्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे काशीराव गायकवाड नावाचे शेतकरी राहत असत. मार्च १८६३ मध्ये त्यांच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळ. बारा वर्षांचा होईपर्यंत या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. हाच मुलगा पुढे बडोदे संस्थानचा राजा झाला आणि त्याने आपल्या राज्यातील खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचवली. तेच महाराज सयाजीराव गायकवाड. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

आधी एका शब्दाचा अर्थ समजून घ्या. शाळेत संगणक येतो, ग्रंथालयात नवी पुस्तके येतात. त्यासाठी सरकार किंवा एखादी संस्था पैसे देते. हे पैसे कर्ज नसतात, ते परत करायचे नसतात. पण ते ठरलेल्या कामावरच खर्च करावे लागतात आणि त्यांचा हिशेब द्यावा लागतो. अशा मदतीला अनुदान म्हणतात. अनुदान कसे द्यावे, म्हणजे ते वाया जाणार नाही, हा प्रश्न आजचा नाही. सयाजीराव महाराजांपुढेही तो होता. त्यांनी त्याचे जे उत्तर शोधले ते आजही उपयोगी आहे.

बडोदे हे शहर गुजरातमध्ये आहे. आता त्याला वडोदरा म्हणतात. तेथे गायकवाड घराण्याचे राज्य होते. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने तेथील राजे मल्हारराव यांना गादीवरून दूर केले. आधीचे राजे खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना मुलगा दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाडांच्या कवळाणे येथील शाखेतून तीन मुले बडोद्याला आणली गेली. तुम्ही येथे कशासाठी आलात, असे प्रत्येकाला विचारले गेले. आपण राज्य करायला आलो आहोत, असे उत्तर गोपाळने न घाबरता दिले, असे सांगतात. २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले. गोपाळचा सयाजीराव झाला.

राजवाडा मिळाला, पण पाटी कोरीच होती. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवणे सोपे नसते. सयाजीरावांनी मात्र मन लावून अभ्यास केला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा ते शिकू लागले. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्यांना शिकवत. त्या वेळी राज्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव हे होते. ते त्यांना राज्यकारभाराचे धडे देत. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता आणि मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकता. नवी भाषा शिकताना कधी कंटाळा आला, तर या मुलाची आठवण ठेवा.

२८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभार त्यांच्या हाती आला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. लवकरच त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा उघडल्या. त्या शाळांवर जायला सवर्ण शिक्षक तयार होईनात. तेव्हा मुसलमान शिक्षकांना तेथे नेमण्यात आले आणि वर्ग सुरू झाले. पुढे १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी बडोदे राज्याने शिष्यवृत्ती दिली. त्या तरुणाने पुढे देशाची घटना घडवण्यात केवढे मोठे काम केले, हे तुम्हांला माहीत आहेच.

१८९३ मध्ये महाराजांनी एक धाडसी प्रयोग केला. त्यांच्या राज्यातील अमरेली आणि आसपासच्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. १९०६ मध्ये हाच नियम सर्व राज्याला लागू झाला. मुलगे आणि मुली, दोघांनाही शाळेत पाठवणे आईवडिलांवर बंधनकारक झाले. न पाठवल्यास दंड होई. त्यानंतर १९११ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानसाठी असाच कायदा मांडला, पण तो मंजूर झाला नाही. भारतभर ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. यावरून बडोद्याने किती आधी पाऊल उचलले ते पाहा.

पण कायदा केला म्हणून काम संपत नाही. गरीब घरातील मूल शेतावर जात असे, गुरे राखत असे. त्याच्या मजुरीवाचून घराचे अडत असे. त्या आईवडिलांना दंड भरणे जड जाई. दुसरी अडचण याहून मोठी होती. मूल शाळेत चार-पाच वर्षे शिके आणि शाळा सोडे. घरी पुस्तक नाही, गावात वाचनालय नाही. मग काही वर्षांत तेच मूल शिकलेली अक्षरे विसरून जाई. म्हणजे शाळेवर केलेला सर्व खर्च पाण्यात! विहीर खोदली, पण दोर-बादली ठेवली नाही, तर तहान कशी भागणार? शाळेनंतर माणसाच्या हाती पुस्तक राहिले पाहिजे, हे महाराजांनी ओळखले.

महाराजांना प्रवासाची आवड होती. १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये ते अमेरिकेत गेले. तेथील ग्रंथालये कोणालाही खुली होती. त्या काळी अँड्र्यू कार्नेगी नावाचे एक धनवान गृहस्थ गावोगाव ग्रंथालयाच्या इमारतींसाठी पैसे देत असत. पण त्यांची एक अट असे. गावाने जागा द्यावी आणि ग्रंथालय चालवण्याचा दरवर्षीचा खर्च स्वतः उचलावा. पैसे घेऊन गाव स्वस्थ बसले, असे होऊ नये म्हणून ही अट होती.

१९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावले. राज्यात स्वतंत्र ग्रंथालय खाते सुरू झाले. राजवाड्यातील सुमारे २०,००० पुस्तके महाराजांनी लोकांसाठी देऊन टाकली आणि त्यांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. ग्रंथपालाचे काम शिकवण्याचे वर्गही बॉर्डन यांनी सुरू केले. याआधीच मोतीभाई अमीन नावाचे एक शिक्षक गावोगाव मित्रमंडळे काढून वाचनालये चालवत होते. महाराजांनी त्यांनाही या खात्यात घेतले. परदेशातील जाणकार आणि गावातील शिक्षक, या दोघांच्या कामाची सांगड घातली गेली.

आता अनुदानाची गोष्ट ऐका. गावाला ग्रंथालय हवे असेल तर गावाने आधी स्वतः वर्गणी जमवायची. समजा, गावाने वर्षाला १०० रुपये जमवले. मग प्रांत पंचायत १०० रुपये देई आणि राज्य सरकारही १०० रुपये देई. गावाचे १०० रुपये असे ३०० होत. मोठ्या गावांना व शहरांना याहून जास्त रकमेची मर्यादा होती. ग्रंथालयाची इमारत बांधायची असेल तरी खर्चाचे असेच तीन वाटे करत. त्या काळी १०० रुपये ही लहान रक्कम नव्हती. ती जमवायला घरोघर फिरावे लागे. ज्या घराने वर्गणी दिली, त्या घराला ग्रंथालय आपले वाटे. पुस्तक हरवले, छप्पर गळू लागले, तर त्याची काळजी गावालाच असे. पूर्ण रक्कम सरकारने दिली असती, तर ही आपुलकी आली असती का? तुम्हीच विचार करा.

तरीही कितीतरी खेडी अशी होती, की जेथे ग्रंथालय निघणे अवघड होते. त्यांच्यासाठी फिरत्या पेट्या तयार झाल्या. मजबूत लाकडी पेटीत १५ ते ३० पुस्तके ठेवत. गावातील जबाबदार माणसाने मागणी केली की पेटी त्या गावी रवाना होई. वाहतुकीचा खर्च ग्रंथालय खाते करी. वाचकाला एक पैसाही पडत नसे. ठरलेल्या मुदतीनंतर पेटी परत येई आणि वेगळी पुस्तके घेऊन दुसऱ्या गावी जाई. अशा रीतीने एकच पुस्तक अनेक गावांत वाचले जाई. तहानलेल्याने विहिरीकडे जावे, असे आपण म्हणतो. येथे विहीरच तहानलेल्याकडे चालत गेली!

पण ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांचे काय? त्या काळी अशा माणसांची संख्या फार मोठी होती. पुस्तकाची पेटी त्यांच्या काय कामाची? महाराजांनी त्यांचाही विचार केला. ग्रंथालय खात्यात चित्रांच्या साहाय्याने शिकवणारी एक शाखा उघडली गेली. तिच्याजवळ चित्रे दाखवणारी यंत्रे होती. एक होता जादूचा कंदील. त्यात दिव्यापुढे काचेवरचे चित्र ठेवत. भिंगातून प्रकाश जाई आणि ते चित्र पडद्यावर मोठे होऊन दिसे. दुसरे यंत्र डोळ्यांना लावून पाहायचे असे. त्यात एकाच देखाव्याची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी बसवलेली असत. दोन डोळ्यांना दोन चित्रे दिसत आणि मन त्यांचे एकच चित्र करी. मग डोंगर, इमारती, जहाजे खरोखर समोर उभी आहेत असे वाटे. तिसरे यंत्र चलत्चित्रपटाचे. त्याचे खेळ लोकांना फुकट दाखवत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही जग पाहता आले.

पुढे बडोद्यातील मध्यवर्ती ग्रंथालयासाठी नवी इमारत बांधली गेली. १९३१ मध्ये ती सुरू झाली. तिच्यातील पोलादी कपाटे अमेरिकेतील स्नेड कंपनीची आहेत. मजल्यांच्या जमिनी जाड काचेच्या आहेत. पुस्तकांजवळ दिवा किंवा मेणबत्ती नेली तर आगीची भीती असते. काचेच्या जमिनीतून मात्र दिवसाचा उजेड वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर झिरपतो. पाहा, नवे तंत्र म्हणजे केवळ डौल नव्हे. त्याने एखादी खरी अडचण दूर झाली पाहिजे.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीराव महाराजांचे निधन झाले. सुमारे ६४ वर्षे ते गादीवर होते. त्यांच्या हयातीतच राज्यात शेकडो ग्रंथालये उभी राहिली होती. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, पण त्यांची रीत राहिली. १९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि ग्रंथालयांना त्यांच्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळू लागले. १९७२ मध्ये कोलकात्यात राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन झाले. हे प्रतिष्ठान आणि राज्य सरकार, दोघे मिळून ग्रंथालयांसाठी पैसा घालतात. २०१६ मध्ये शाळांसाठी अटल टिंकरिंग लॅब ही योजना निघाली. तिच्यात निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. त्यांतील १० लाख प्रयोगशाळा उभी करण्यासाठी आणि उरलेले पाच वर्षे ती चालवण्यासाठी. यंत्र घेणे हे अर्धेच काम आहे, ते चालू ठेवणे हे उरलेले अर्धे, असा याचा अर्थ.

मित्रांनो, वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, आपण कोणत्याही तालुक्यात राहत असू. आपल्या शाळेत संगणक असेल, पडद्यावर चित्र दाखवणारे यंत्र असेल, पुस्तकांचे एखादे कपाट असेल. ते कोणाच्या तरी कष्टाच्या पैशांतून आले आहे. सरकारचा पैसा म्हणजे लोकांचाच पैसा. शेतकरी, मजूर, दुकानदार, सर्वांचा त्यात वाटा आहे. यंत्र खराब होईल या भीतीने ते कुलपात ठेवले, तर ते तसेच जुने होते. पुस्तक कोणी वाचलेच नाही, तर त्यात आणि कोऱ्या कागदात काय फरक? महाराजांच्या पेटीला कुलूप असेलही, पण ती बंद राहण्यासाठी नव्हती, उघडण्यासाठी होती.

तेव्हा उद्या शाळेत गेल्यावर आपल्या सरांना किंवा बाईंना विचारा, की पुस्तकांचे कपाट कोणत्या दिवशी उघडते. ते उघडत नसेल, तर नोंदवही लिहिण्याचे काम आपण करू, असे त्यांना सांगा. वाचून झालेले पुस्तक घरी अम्मीला, दादीला वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तुम्हीच ती फिरती पेटी व्हा.

शब्दार्थ

संस्थान – राजाच्या ताब्यातील राज्य
दत्तक घेणे – दुसऱ्याचे मूल कायद्याने आपले करणे
दिवाण – राज्याचा मुख्य कारभारी
सक्तीचे – करावेच लागणारे
वर्गणी – सर्वांनी मिळून जमवलेले पैसे
सांगड घालणे – दोन गोष्टी एकत्र जोडणे

स्वाध्याय

१. अनुदान आणि कर्ज यांत काय फरक आहे?
२. शाळेवरचा खर्च पाण्यात जातो, असे केव्हा होत असे?
३. गावाने १०० रुपये जमवले, तर ग्रंथालयाला एकूण किती रुपये मिळत? कसे?
४. वाचता न येणाऱ्या लोकांसाठी महाराजांनी काय केले?
५. तुमच्या शाळेला अनुदान मिळाले, तर त्यातून तुम्ही काय घ्याल आणि त्याची काळजी कशी घ्याल? दहा ओळी लिहा.